कंबरेएवढं

दापोलीला जुनी माणसं अजून काप म्हणतात.
कॅम्पचा काप झाला, गोरे गेले,
त्यांच्या कबरींवर करवंदाची जाळी,
मैदानात पोरं क्रिकेट खेळतात.

हवालदार जानू घाग बिन्नागुडीहून
पेन्शनीत आला,
तेव्हा काळ्या ट्रंकेत, वर्दीच्या घडीखाली
ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं
चहाचं एक रोप निघालं.
न्हाणीच्या पाण्यावर लावलं, जांभ्याच्या गडग्याशी.

"कंबरेएवढंच ठेवायचं," तो सांगे,
"तिकडे मैलोन् मैल सगळी एका उंचीची.
धुकं हललं की वाटतं,
आत्ता कुणीतरी सावधान म्हणेल."

सुगंधा ऐकून घेई
आणि आधणात गवती चहाच टाकी.
त्याने पानं चुरगाळली, तव्यावर भाजली,
काढा झाला नुसता, कडू.
तरी प्यायला. दोन कप.

यंदा पाच वर्षं झाली त्याला जाऊन.
कोयती मेखेलाच आहे.
झाड पन्हळीच्या वर गेलंय,
थंडीत पांढरी फुलं धरतं, मधे पिवळी,
शेळी तोंड लावत नाही.

कुणी विचारतं, कसलं हो झाड, वैनी?
ती सुपातले तांदूळ निवडत म्हणते,
ह्यांच्या पलटणीतलं आहे.
सुटीवर आलंय.