लाईन म्हणजे जवस

माळवदे टेलर्सच्या भिंतीवर
पालिकेच्या माणसाने लाल रंगाची रेघ ओढली,
काउंटरच्या आत, ट्रायल रूमच्या पडद्याच्या बाहेर,
आणि म्हणाला, "काका, लाईनीच्या बाहेरचं सगळं जाणार."

दादांनी चश्मा कपाळावर सरकवला.
चाळीस वर्षं खडूने कापडावर रेघा मारलेला माणूस
ती रेघ बोटाने चाचपत राहिला.
"सरळ नाहीये," एवढंच म्हणाला.

रात्री मी शब्दकोश काढला,
फोर्टच्या फूटपाथवरून घेतलेला, पाठ मीच खळ लावून बांधलेली,
पहिल्या पानावर कुणा पेरीन दारूखानावालांची सही.
लाईन. हा तर रोज तोंडात असलेला शब्द.
पाण्याची लाईन, पहाटे साडेचारची.
कॉलेजसमोर विनायकने मारलेली, वाया गेलेली.
लाईन गेली की अख्ख्या चिंचपोकळीत अंधार.
आणि आत्याचं ठरलेलं, "पोरगी कुठल्या लाईनीत आहे?"
जुनी पुस्तकं बांधते, आत्या.
तिथे लाईन नसते. एखादंच गिऱ्हाईक.

कोशात यातलं काहीच आधी नव्हतं.
आधी होता दोरा.
लॅटिनमधला, जवसाच्या काडीतून सोललेला.
तो ताणून धरला की रेघ.
विणला की लिनन.
आणि लिनन कोटाच्या आतून लावलं, म्हणून लायनिंग.
म्हणजे दादांचं अस्तर
आणि भिंतीवरची ती लाल बया
एकाच घरातल्या.

सांगितलं त्यांना. ते जेवत होते.
भाकरी, भरलं वांगं, ताटाच्या कडेला
बार्शीच्या मामीने धाडलेली जवसाची चटणी.
चिमूटभर उचलून त्यांनी दिव्याखाली धरली,
बटणं पारखतात तशी.
"ह्याच्यातून?"
"ह्याच्याच झाडातून."
"मग खाल्ली तर चालेल," म्हणाले, आणि खाल्ली.

सकाळी शटर अर्धं वर.
एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या,
मध्ये निळीत बुडवलेलं सूत, ताठ.
त्यांनी ते चिमटीत धरलं, ओढलं, सोडलं.
टण्.

निळी रेघ वरती लाल रेघेला चिकटून,
खाली येता येता तिच्यापासून सुटलेली.
दादांनी गळ्यातली टेप लावली.
"दीड इंच खाल्लाय त्याने आपला."

मी म्हटलं, दीड इंचाने काय होतंय, दादा.

"शिवणीत माया किती ठेवतात,"
टेप गुंडाळत ते म्हणाले,
"ठाऊक आहे ना?"