चाळीस यार्डांवर

आमच्या छावणीतलं ग्रीन हिरवं नसतं.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
गवताचे लाड कोण करणार?
चाळलेली वाळू, त्यात जळकं ऑइल,
वर झाडूचे गोल फराटे,
मधोमध भोक, भोकात बांबू,
बांबूला लाल फडका.
त्याला ब्राऊन म्हणायचं.

तिथपर्यंत मी बरी येते.
लांबच्या फटक्याला कुणी हिशेब मागत नाही,
गेला तिकडे गेला.
मग उरतात चाळीस यार्ड,
आणि पोटात गोळा येतो.
सगळा जोर लावावा, तर चेंडू ब्राऊनवरून बाभळीत.
बेतानं मारावा, तर ढेकूळ उडतं
आणि चेंडू हातभर सरकून
माझ्याकडेच बघत बसतो.

पाठीमागे सांडू. सांडू बनकर, राहणार पडेगाव.
बारा वर्षं लोकांच्या काठ्या वाहतो,
स्वतःची एकच: जुनी पिचिंग वेज,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
"मॅडम, तुम्ही शेवटाला भिऊ राहिल्या.
मागं नेता झोकात,
अन् बॉलजवळ आलं की हात आखडता घेता.
त्याला कळतं ते."

कळत असणार.
सव्वीस वर्षं मी घाटीत भूल देते.
कमी डोस म्हणजे
घाबरत दिलेला पूर्ण डोस नव्हे,
हे दरवर्षी नव्या पोरांना सांगते,
आणि इथे उभी राहते ती
त्यांच्यातल्या सर्वांत कच्च्या पोरासारखी.

"पाय जवळ घ्या. बॉल मधोमध.
ओझं डाव्या पायावर टाका अन् तिथंच ऱ्हाऊ द्या.
हात कंबरेपर्यंत, जास्त नाही.
जितकं मागं, तितकंच पुढं.
अन् उचलायला जाऊ नका त्याला.
उचलायचं काम लोखंडाला ठाऊक आहे,
तुम्ही खाली मारा."

खाली मारलं की वर जातो.
ऐकायला सोपं.
माझं मनगट मात्र दर वेळी
त्याला कडेवर घ्यायला धावतं.

शेवटी त्यानं माझ्या हातातली काठीच काढून घेतली.
म्हणाला, वाळूजला बांधकामावर होतो दोन उन्हाळे.
मी खालून वीट फेकायचो,
मेव्हणा वर पराचीवर झेलायचा.
जोरात गेली तर त्याची बोटं फुटायची,
कमी पडली तर माझं टाळकं.
"वीट कशी पोचली पाहिजे, मॅडम?
दमून.
त्याच्या हाताशी आली की
एवढुसा टाइम तिला वजनच नसतं."

मग काठी परत देऊन
तो चालत गेला फडक्याच्या अलीकडे,
मुरमावर उभा राहिला, ओंजळ पुढे करून.
मारा.

भोकाकडे मारणं वेगळं
आणि माणसाच्या ओंजळीत मारणं वेगळं.
पहिला त्याच्या डोक्यावरून सणसणत गेला,
तो खाली वाकला, हसला, ओंजळ तशीच.
दुसरा, तिसरा, ढेकळं.
पाचवा बरा, पण डावीकडे, टिटवी ओरडत उठली.
मग मोजायचं सोडलं मी.
त्याची बोटं तेवढी दिसत होती,
एका नखाला जुनी काळी खूण.

कधीतरी खांदा आपसूक वळला,
काठी मातीला हलकेच घासून पुढे निघून गेली,
आवाज आला, तवा खाली ठेवावा तसा,
आणि चेंडू किल्ल्याच्या टोकाएवढा चढून
तिथेच जरासा रेंगाळला.

सांडूनं ओंजळ मागे घेतली.
चेंडू मुरमावर टपकला, एक उशी घेतली,
वाळूवर उतरला, चालत गेला,
फडक्यापासून दोन वीत अलीकडे थांबला.

"झेलला का नाहीस रे?"
"झेलला असता, तर कुठं थांबतो ते
तुम्हाला कोण सांगणार होतं?"

पुढचा फटका पुन्हा ढेकूळच होता,
हेही सांगायला हवं.
उन्हं चढली, माझी ओपीडी होती,
सांडूनं झाडू उचलला ब्राऊन सारखं करायला.
तेलकट वाळूवर माझ्या त्या एका चेंडूची
बारीक, जराशी वाकडी रेघ उठली होती.
तिच्यापाशी आला,
आणि झाडू बगलेत धरून
उगाच थोडा वेळ उभा राहिला.