लॉकर नंबर एक्केचाळीस

चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला,
एकोणीस वर्षं झाली. त्रेसष्ट लॉकर,
त्यातले नऊ मेलेल्यांचे.
कमिटी म्हणते, वर्षभर थांबावं,
मग घरच्यांना पत्र धाडावं, सौम्य शब्दांत.
ते पत्रही मीच टाइप करतो.

ग्रॉन्या टूही मंगळवारी आली.
बसने आली, फाटकापासून चालत,
बीचच्या झाडांखालून, जिथे रस्ता उगाचच वळणं घेतो,
कारण दोनशे वर्षांपूर्वी कुण्या जमीनदाराला
आपलं घर पाहुण्यांना हळूहळू दाखवायचं होतं.
त्या घरात आता बार आहे, आणि मी.

"इतकं हिरवं," ती म्हणाली, जरा रागानेच.
"एवढं सगळं हिरवं त्यानं एकट्यानं पाहिलं."
अकरा किलोमीटरवर राहते. आयुष्यात पहिल्यांदा आली.

मी चहा दिला. तिनं कप धरला, प्यायली नाही.
भिंतीवरच्या पाट्यांवरची सोनेरी नावं वाचत गेली,
कप्तान, विजेते, एकोणीसशे बारापासूनचे,
आणि शेवटच्या पाटीपाशी मागे वळून:
"मॅलकी कुठे आहे?"
प्रश्न असा काही आला
की मी खिडकीबाहेर बघितलं.

एक्केचाळीस. दार अडतं, गुडघा लावावा लागतो.
आत बूट, टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या,
एकाच हाताचा मोजा, वाळून मूठ झालेला,
पेपरमिंटची पुडी,
दुसऱ्यांची आद्याक्षरं असलेले तीन चेंडू,
आणि रबरबँडात बांधलेली स्कोअरकार्डं, विटेएवढी जाड.

"दर बुधवारी घरी येऊन सांगायचा, अठ्ठ्याऐंशी.
कधी सत्त्याऐंशी.
नात झाली त्या आठवड्यात चौऱ्याऐंशी.
मी बटाटे सोलत असायची. म्हणायची, वा."

कार्डावर: एकशे सतरा. एकशे एकवीस. एकशे नऊ.
एकशे चौतीस, आणि त्याखाली पेन्सिलीनं: वारा.
प्रत्येक फटका मोजलेला.
तळ्यात गेलेला, झुडपात गेलेला,
बंकरमध्ये वाळूशी सात वेळा घातलेली हुज्जत,
सातही वेळा लिहिलेली.
कागदाशी खरं बोलायचा, बायकोशी खोटं.
उलटं करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

ती हसली. आधी नाकातून, मग खांद्यांनी,
मग बाकावर बसून, त्याचा एक बूट मांडीवर घेऊन.
लॉकररूममध्ये असं हसणं मी ऐकलं नव्हतं.
तिथे पुरुष असतात, ते विनोदांना हसतात.

"मला ती वाऱ्याची जागा दाखवा."

चौदाव्या टीवर फिन्टननं गवताचं यंत्र बंद केलं,
टोपी काढली, परत घातली.
खाली बॅरो नदी, पाण्यात एक राखी बगळा
बिल थकल्यासारखा उभा.
ओक फेअरवेच्या मधोमध, म्हातारे,
कुणाच्या बापाला न जुमानणारे.
पलीकडे मेंढ्या, दगडी बांध, आणि मग नुसतं आभाळ.

"इथून तो डावीकडे मारायचा," फिन्टन म्हणाला. "कायम डावीकडे.
मग त्या झाडीत अर्धा अर्धा तास. मागचे लोक शिव्या घालायचे."
"सापडायचा?"
"चेंडू? छे. अळंबी."

ती काही बोलली नाही.
ऑक्टोबरातले बुधवार मोजत असावी,
लोण्यात परतलेले,
बाजारातून आणले म्हणून सांगितलेले.
मग छत्री बगलेत मारून सरळ झाडीत शिरली.
आम्ही दोघं बाहेर थांबलो,
दुसऱ्याचा फटका चालू असताना थांबतात तसे, न हलता.

साडेचारच्या बसने गेली.
कार्डांची वीट पर्समध्ये मावली नाही, हातातच होती.
चहाचे पैसे टेबलावर, मोजून, नाणी एकावर एक.
बूट विसरली की ठेवून गेली,
मी विचारलं नाही.

रजिस्टरात लिहिलं: एक्केचाळीस, रिकामा.
खाली सही केली, तारीख टाकली.
आणि दाराला गुडघा लावला.