पालथा थर

चिखल्याची मँगनीज खाण मागे टाकून
दोन कोरडे नाले ओलांडले
की क्वार्टझाइटचा कडा लागतो.
उभा. पत्त्यांतलं एक पान
कुणी मातीत खोचून ठेवावं, तसा उभा.
क्लिनोमीटर लावला : चौऱ्याऐंशी अंश.
घाम पुसून पुन्हा लावला : त्र्याऐंशी.

कधी काळी हे आडवं होतं.
वाळू होती, ओली, पाय रुततील अशी
(पाय नव्हते).

नमुन्यांच्या थैल्या डोमाजी वलथरे वाहतात.
एरवी ढिवरकी; पण चैतात तळ्याचा गाळ भेगाळला
की जाळं खुंटीला, आणि माणूस
मिळेल त्या रोजीवर.
पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं,
"मॅडम, गोटे विकत घेते का सरकार?"
मी म्हटलं, वाचते.
"सरकार?"
नाही, मी.
ते हसले नाहीत. थैली दुसऱ्या खांद्यावर घेतली.

सहा दिवस वाचत होते.
शिस्ट, संगमरवर, मँगनीजची काळी पट्टी,
पुन्हा संगमरवर, पुन्हा शिस्ट.
चपलांत अभ्रकाचा चुरा,
रात्री अंथरुणातही चमकायचा.
सगळं बसत होतं. नकाशावर लाल पेन्सिलीने
एक देखणी अपनती काढली होती,
आंधळगावच्या मागावरचं कोशाचं कापड
मधोमध चिमटीत उचलावं, तशी.

सातव्या दिवशी कड्याच्या सावलीत डबा खाताना
डोमाजींचा हात सहज भिंतीवर गेला
आणि तिथेच राहिला.
"पान्याची नक्षी होय जी हे."
लहरींचे ठसे, मी म्हटलं. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वीचे.
आकडा कानावरून गेला. बोटं खाली-वर फिरत होती.
"घोट्याइतकं पानी. जास्त नाही.
मासोळी कोनती होती?"
कोणतीच नाही. मासोळी व्हायचीच होती.
शिंपलाही. काठावर गवताचं पातंसुद्धा.
"मंग जाळं कायले टाकाचं," ते म्हणाले,
आणि लोणच्याची फोड चोखत राहिले.

मग बोटं थांबली.
"पन हे पालथं हाय."
काय?
"लहरीचं टोक वर असते, पोट गोल, खाली. तळ्यात पाहा ना.
अठी गोल ते फुगलं, टोक आत गेलं.
हा साचा होय. खालची वाळू तुमी बसल्या तिकडं होती.
ते गेली. हे वरची."

भिंग लावलं. कड्याला वळसा घातला,
आणखी तीन ठिकाणी पाहिलं.
तीनही ठिकाणी डोमाजी.

रबर शोधायला थैली पालथी केली.
अपनतीची अभिनती झाली,
तरुण म्हणून रंगवलेले थर म्हातारे निघाले,
आणि संगमरवराखाली जे असायला हवं होतं
ते डोक्यावर बसलं.
डोंगराने कूस बदलली होती. झोपेत नव्हे;
तापवून, रेटून, दुमडून, मग पुन्हा एकदा दुमडून,
इतकं करूनही
लहरीची रेघ मोडली नव्हती.
कागदावर मात्र सहा दिवसांचा लाल धूर राहिला.

निघताना विचारलं, वारा कुठून होता?
नक्षीचा एक उतार लांब, एक आखूड;
त्यांनी अंगठ्याने दोन्ही तपासले,
आणि बोट सरळ जमिनीकडे धरलं,
दोघांच्या पायांच्या मधोमध.
"अठून. खालून."

तशीच नोंद केली.
कल चौऱ्याऐंशी, थर पालथा.
वाऱ्याची दिशा : नंतर फिरवून घेणे.