नारिंगी जाळीखाली

टॅमरॅक गल्चमध्ये जमीन खणायची
तर आधी माझ्याकडे यावं लागतं,
काउंटीच्या कचेरीत, मागच्या दारानं,
झेरॉक्स मशीनच्या शेजारी.
कुंपणाचा खांब, सफरचंदाचं रोप, सांडपाण्याचा पाइप –
कारण लिहा, खोली लिहा, सही करा.
पैसे लागत नाहीत.

सरकारनं प्रत्येक अंगणातली बारा इंच माती
खरवडून नेली,
डोंगरापलीकडची नवी आणून पसरली,
आणि जुन्या-नव्याच्या मध्ये
अंथरली प्लास्टिकची नारिंगी जाळी.
ती दिसली की फावडं थांबवायचं.
जाळी कुणाला अडवत नाही.
पाणी जातं, मुळं जातात, गांडुळं तर खुशाल जातात.
ती एवढंच सांगते:
इथवर तुमचं,
इथून खाली स्मेल्टरचं.

चिमणी पाडली तेव्हा मी नऊ वर्षांची.
शाळेला सुट्टी होती.
आम्ही टाळ्या वाजवल्या
आणि सगळी धूळ अंगावर घेतली.
त्या वर्षी नर्स बोटाला सुई टोचायची,
रक्तातल्या शिशाचा आकडा आईच्या कानात सांगायची.
माझा एकतीस.
ओरिनचा आकडा आईनं अजून सांगितलेला नाही.
तो आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे,
बेरीज बोटांवर करतो.

कंपनीनं दिवाळं काढलं, वकिलांनी घरं बांधली.
दर पाच वर्षांनी राजधानीतून तपासणी येते,
विहिरींत नळ्या सोडते, नदीकाठी वाकते,
आणि लिहून जाते:
उपाययोजना तूर्तास परिणामकारक.
चार अहवाल आहेत माझ्या कपाटात.
चारही वेळा तूर्तास.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.
आमच्याकडे ते कुठं मुरतं
त्याचा नकाशा आहे, रंगीत.

बुधवारी आयला हाउताला आली.
चौऱ्याऐंशी वर्षांची, ओले बूट दारात काढून.
कारण: कुत्रा.
खोली: चार फूट, नाहीतर कोल्हे उकरतात.
मी नियम वाचून दाखवला.
जाळी कात्रीनं कापा, फाडू नका.
खालची माती ताडपत्रीवर, मग पिशवीत,
मग डोंगरावरच्या झाकलेल्या ढिगात.
खड्डा भरायला स्वच्छ माती आम्ही देऊ.
"म्हणजे कुत्रा घाणीत, वर चांगली?"
हो.
"आणि व्हर्नर?"
व्हर्नर तिचा नवरा. भट्टीवर एकतीस वर्षं.
"त्याला पुरला तेव्हा जाळी नव्हती लागली.
परवाना कुणी दिला होता?"
मी परिशिष्ट काढलं.
अंगणं, वाफे, शाळेचं मैदान, रस्त्याच्या कडा.
दफनभूमी नाही.
पुन्हा वरून खाली बोट फिरवलं,
ती बघत होती म्हणून.

शनिवारी मी तपासणीला गेले,
खणायला ओरिनला घेऊन.
एक एक इंच तो मोठ्यानं मोजत होता.
बाराव्याला नारिंगी रंग लागला,
आणि तो थांबला, शिकवल्यासारखा.
मी कापली. मग तो पुन्हा उतरला.
खालची माती कशी असेल, याचा विचार
मी इतकी वर्षं केला होता.
काळी होती. ओलसर. वास नाही, चमक नाही.
एक जुनं बटण निघालं.

रग्जमध्ये गुंडाळलेलं ते वजन आम्ही खाली सोडलं.
स्वच्छ मातीची गोण मी उघडून ठेवली होती,
सील तोडून, नंबर लिहून.
आयला वाकली
आणि मूठमातीसाठी मूठ भरली
ताडपत्रीवरच्या ढिगातून.
मला दिसलं.
ओरिनलाही दिसलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं.

जाळीचे काठ सहा इंच एकावर एक घेतले,
तसं कलमात आहे.
फॉर्मवर लिहिलं: काम पूर्ण, नियमानुसार.
माझ्या खिशात आमचंच पत्रक होतं,
हात धुण्याबद्दलचं, चित्रांसकट.
आयलानं हात कोटाला पुसला,
डबा उघडला,
त्याच हातानं वेलदोड्याच्या पावाचा तुकडा मोडून
माझ्यापुढे धरला.

मी खाल्ला.