पाठराखीण

सोहारला ऑगस्टमध्ये खिडक्यांना बाहेरून घाम येतो.
आत आम्ही स्वेटर घालून.
पहाटेचे साडेतीन.
खाट अकरा: हमूद बाबा, जन्मभर समुद्रावर मासे धरलेले,
वजन एकशे आठ, डावं अंग गेलेलं.
दर दोन तासांनी कूस बदलायची.

लिहायला दोन शब्द पुरतात,
करायला दोन माणसं लागतात.
त्या रात्री मी एक होते.

मिरजेला शिकताना मेट्रनबाई ओरडायच्या,
गुडघ्यात वाका गं, कमरेत नको!
तिथल्या बाहुल्याचं वजन नऊ किलो.
तो कधी घाबरून गळ्याला पडला नाही.

हमूद बाबा पडले.
आपण खाली चाललो असं वाटलं त्यांना,
आणि जाळ्याचा दोर धरावा तसं
उजव्या हाताने मला धरलं.
जुनं धडूतं फाटताना होतो तो आवाज
मी कानाने नाही, मणक्याने ऐकला.

त्यांना सोडलं नाही मी.
यात शौर्य काही नाही,
सोडायचं सुचलंच नाही.

मग तीन आठवडे ओढणी कमरेला करकचून.
ऑक्टोबरात करार संपणार,
एजंटाचे सात हप्ते बाकी.
फोनवर आई विचारायची, उभं राहावं लागतं का फार?
मी म्हणायचे, छे, खुर्ची आहे.
खुर्ची होती. खोटं नव्हतं.
तिच्यावर फायली बसायच्या.

आणि भांडारघरात, कुलपात,
माणूस उचलायचा पाळणा होता,
दोन वर्षांपूर्वी आलेला, प्लास्टिकसकट,
ज्याचं बारसं कुणी केलंच नव्हतं.
तपासणीच्या दिवशी तेवढा बाहेर यायचा,
पुसून, पाहुण्यासारखा.

शेवटी मोजे घालता येईनात तेव्हा अर्ज मागितला.
चौदावा प्रश्न: हे टाळता आलं असतं का? कसं?
उत्तराला दोन ओळी.
बिन्सीला सुई टोचली होती, सलग सोळाव्या तासाला.
तिने लिहिलं होतं, यापुढे जास्त काळजी घेईन.
मारिसेलचं मनगट. तेच वाक्य.
आधीच्या सगळ्यांचं तेच, वेगवेगळ्या अक्षरांत.
दिवसभर काळजीच घेतो आम्ही,
आमच्या वाट्याची कुणाच्या कपाटात राहते?

मी दोन ओळी ओलांडल्या. समासात गेले.
लिहिलं, किल्ली वॉर्डात हवी.
रात्री दोघी हव्यात.
सुयांचा डबा दाराशी नको, हाताशी हवा.
चौदा तासांनंतर मला माझं नाव विचारा,
आठवायला वेळ लागला तर घरी पाठवा.

ज़ुवैना बाईंनी वाचलं, चष्मा काढला.
काही बोलल्या नाहीत. उठताना
टेबलाला धरून उठल्या, गुडघ्यावर हात दाबत,
आणि मला पहिल्यांदा दिसलं
की त्याही कधीतरी खाट अकरापाशी एकट्या होत्या.

आठ दिवसांनी किल्ली खिळ्याला लागली, निळ्या दोऱ्यात.
दुसरी नर्स अजून नाही. 'विचाराधीन' आहे.
तोवर आम्हीच ठरवलंय,
शेजारच्या वॉर्डातून जी मोकळी असेल तिने धावायचं.

मी सांगितलं त्यांना,
आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघते
तेव्हा सोबत एक पाठराखीण जाते.
मी इकडे आले, तेव्हा शेजारच्या सीटवर
कुणाचं तरी ब्लँकेट होतं फक्त.

मारिसेलला ठ जमत नाही.
साडेतीनला बोळातून दबकी हाक येते, पत्राकिन!
आणि रबरी चपला येतात.

पाळण्यात हमूद बाबा होडीसारखे डुलतात,
अर्ध्या तोंडाने हसतात,
श्वय श्वय, म्हणतात, हळू, हळू,
वल्हवणाऱ्या पोरांना सांगावं तसं.

शिंक आली की मी अजून
आधी भिंत धरते.