सहा पॉइंटातली ओळ

उद्यमनगरात, लेथच्या दोन शेडांमध्ये
आमचं लेबलं छापायचं दुकान.
भडंग, काकवी, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला,
गावाचं निम्मं खाणं माझ्या स्क्रीनवरून जातं,
वास मात्र कशालाच नसतो.

आक्काताई मगदूम चैत्रात येतात,
डंकाची लाल धूळ भुवयांवर घेऊन.
"मिरची मोठी घे. आणि ही खालची मुंग्यांची रांग
काढून टाक की. कोण वाचतंय?"

मुंग्यांची रांग म्हणजे:
यात तीळ आहेत.
याच डंकावर शेंगदाणेही कुटले जातात.

मी मिरची मोठी केली.
दुसऱ्या गोष्टीवर काहीच बोललो नाही.

दोन वर्षांमागं शेजारच्या म्हाईचा पांढरा रस्सा आला होता,
स्टीलच्या डब्यात, झाकणावर गरम भाकरी ठेवून.
चार घोट, आणि स्वरांजलीचे ओठ सुजले,
आवाज कुठंतरी आत बसला.
दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल मी पाहिलाच नाही.
सीपीआरमधल्या डॉक्टरीण बाई सुई भरता भरता विचारत होत्या,
"काय खाल्लं? त्यात काय काय होतं?"
"रस्सा," मी म्हणालो.
पुन्हा म्हणालो, "रस्सा."
रोज दहा पदार्थांचे घटक टाईप करणारा माणूस.

आता ती आठ वर्षांची.
जोडाक्षरं शाळेआधी पुड्यांवर शिकली.
राजारामपुरीत पाचव्या गल्लीच्या दुकानात
पुडा हातात आला की आधी उलटा करते.
दुकानदाराला वाटतं, किंमत बघतेय, शहाणी आहे पोर.
तिचं बोट ओळीखालून सरकत असतं
आणि माझा श्वास बोटाच्या मागून.

एकदा चिक्कीसारखं काहीतरी होतं,
शेवटची ओळ सीलच्या चुणीत गेलेली.
शब्द चिरडलेला, टोकाला फक्त एक ळ.
"बाबा, ळ कशाकशात असतो?"
आम्ही फुटपाथवर मोजत बसलो:
गूळ. डाळ. नारळ. तांदूळ.
पाचवा तिनं म्हटला नाही.
पुडा आत जाऊन जागेवर ठेवून आली.

हे सगळं आक्काताईंना सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, "माझी पोरगी वाचते."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला,
स्क्रीनला नाक लावलं.
"तिळाचं व्हय? मग तिच्यापुरता मसाला
बिगरतिळाचा करून देते की. खोबरं वाढवायचं."
"डंक तोच ना?"
"धुऊन घेतला तर?"
"नाही भागत, आक्का."

बाहेर लेथ किंचाळत होतं.
त्या हातावरची मिरचीपूड चोळत उभ्या राहिल्या,
जणू पहिल्यांदाच बघतायत
काय काय चिकटून येतं आपल्याबरोबर.

मी ओळ सीलपासून वर घेतली,
सहाची नऊ पॉइंट केली, ठळक.
जागा पुरेना.

"मिरची बारीक कर जरा,"
आक्काताई म्हणाल्या.
"मिरची काय, सगळ्यांस्नी दिसतीया."